चाकं मोजू नकोस, धूळ कुठे जाते ते बघ

पत्र : काका, मी मिरजेची. वय २७. माझ्या बाबांची ३४ वर्षं गटईची टपरी आहे. गेली पाच वर्षं मीही त्यांच्याबरोबर बसते. आता आम्ही ८ बाय ११ फुटांचा गाळा भाड्याने घेतलाय आणि सव्वा लाख रुपये जमवलेत. त्यातून बुटांचं फिनिशिंग मशीन (सोल घासून, ब्रशने चमकवून देणारं) घ्यायचंय. तीन पर्याय समोर आहेत. मुंबईच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे परदेशी मशीन आहे. सात फूट लांब, चौदा चाकं, थ्री फेजवर चालणारं. तो म्हणतो, दोन दिवसांत सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दुसरं आग्र्याचं नवीन, चार फुटी, एक एचपी, २८८० आरपीएम, पण धूळ ओढायची सोय नाही. तिसरा पर्याय म्हणजे ओळखीचे एक वेल्डिंगवाले ग्राइंडरलाच चाकं लावून देतो म्हणतात, अगदी स्वस्तात. बाबांचं म्हणणं, मशीनच नको, चामडं कापायची रापी आणि खरवडायची काच पुरे. मी काय करू?

उत्तर :

पोरी, तू काका म्हणालीस, तेव्हा मी तुला ‘तू’च म्हणतो. व्यापाऱ्याने घाई लावलीय म्हणून आधी उत्तर सांगतो, कारणं मग. सात फुटी मशीन घेऊ नकोस. ग्राइंडरचं तर नावही काढू नकोस. आग्र्याचं घे, पण आहे तसं नाही. त्याचा वेग निम्मा करून घे आणि धूळ ओढायचा पंखा व पिशवी लावून घे. सव्वा लाखात हे बसत नसेल तर चाकं कमी कर, नाहीतर चार महिने थांब. धुळीची सोय मात्र ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नकोस. मी सोडली होती.

मशीन बघायला जाण्याआधी एक शंभर पानी वही घे. पंधरा दिवस टपरीवर येणारा प्रत्येक जोड त्यात लिही. सोल कशाचा होता, काय काम केलं, किती पैसे मिळाले, किती वेळ गेला. बाबांना सगळं तोंडपाठ असेल, तरी लिही. आपल्या डोक्यात राहतं ते अवघड काम. रोजचं काम डोक्यात राहत नाही, आणि मशीन रोजच्या कामासाठी घ्यायचं असतं.

तुझं गाव मला थोडंफार माहीत आहे. १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी दवाखाना काढला तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव. त्यात रेल्वेचं जंक्शन. तेव्हा वहीत काय येईल याचा अंदाज करतो: नर्सबाईंचे पांढरे बूट, रेल्वेवाल्यांचे जड काळे बूट, शाळेचे बूट, कॉलेजच्या पोरांचे स्पोर्ट्स शूज, भरपूर चपला. चामड्याचा सोल, वेल्ट (कडेची चामडी पट्टी) शिवलेला, असा जोड महिन्याला दोन-चार आले तर खूप. आणि एक काम असं, जे आज तुमच्याकडे येत नसेल पण मशीन आलं की येऊ शकतं. एक पाय आखूड असलेल्यांच्या बुटाला खालून उंची चढवणं, आणि मधुमेहाच्या किंवा बधिर पायांच्या रुग्णांसाठी एमसीआरच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराच्या, मऊ चपला. दोन्ही कामांत ईव्हीएचे (हलक्या फोमचे) किंवा त्याच मायक्रो रबरचे थर चिकटवून त्यांना आकार द्यावा लागतो. हाताने तो एकसारखा येत नाही, आला तरी अख्खा दिवस खातो. रुंद पट्टा असलेल्या मशीनवर ते तासाभराचं काम आहे. दवाखान्यांच्या गावात हे काम शोधत फिरणारी माणसं असतात. तेव्हा गावातल्या हाडांच्या डॉक्टरांना एकदा जाऊन भेट. माप आणि उंची त्यांनी लिहून द्यायची, आकार तू द्यायचा.

आता त्या चौदा चाकांकडे येऊ. त्यातली निम्मी चाकं चामड्याच्या सोलसाठी असतात. कडा कापायची दातेरी कटर, टाच कापायचं कटर, कडेला मेण बसवायची चाकं. ज्या दुकानात दिवसभर चामड्याचे सोल बदलतात तिथे ती सोन्यासारखी. तुझ्याकडे ती गंजतील. त्यातलं कडेचं कटर शिकायलाच वर्ष जातं, आणि शिकेपर्यंत किती बुटांचा वरचा भाग कापला जाईल याचा हिशेब नाही. शिवाय परदेशी मशीनच्या चाकांवर चढवायच्या एमरीच्या (घासकागदाच्या) गोल बाह्या आणि पट्टे यांची मापं वेगळी असतात. एमरीची बाही फाटली की मिरजेत मिळणार नाही, मुंबईहून मागवावी लागेल, आणि तोवर मशीन बंद. मशीन एकदाच विकत घेतो, पट्टे जन्मभर घेत राहतो. आठ फुटांच्या गाळ्यात सात फुटी मशीन ठेवल्यावर बाबा बसणार कुठे, हेही बघ. थ्री फेजचं कनेक्शन, त्याचा वेगळा अर्ज, त्याचं बिल, हे सगळं वर. मी त्या मशीनला नावं ठेवत नाही. जर्मन आणि इंग्लिश मशीनं चाळीस-चाळीस वर्षं चालताना मी पाहिली आहेत. पण ते तुझ्या कामाचं मशीन नाही.

ग्राइंडर का नको, तेही ऐक. ग्राइंडरचा दगड लोखंडासाठी असतो. रबर त्याच्या भोकांत जाऊन बसतं, दगड गुळगुळीत होतो, मग तो घासत नाही, नुसता तापवतो. दगड काढून लाकडी चकतीला पॉलिश पेपर चिकटवून देतात, तेही बघितलंय. ती चकती कडक. बुटाची कड गोल असते, चकती तिला सपाट पैलू पाडते. बुटाच्या मशीनला पट्ट्याच्या मागे रबराचं किंवा फेल्टचं मऊ चाक लागतं, जे बुटाच्या आकाराबरोबर किंचित दबतं. आणि ग्राइंडरचा वेग २८०० च्या पुढे.

वेगाचा हा मुद्दा नीट समजून घे, कारण आग्र्याच्या मशीनचं खरं दुखणं तेच आहे. सहा इंची चाकाचा घेर जवळजवळ १९ इंच. ते मिनिटाला २८८० वेळा फिरलं तर एमरीचा कागद सोलवरून मिनिटाला साधारण १३८० मीटर पळतो. म्हणजे ताशी ८० किलोमीटरहून जास्त. हायवेवरची गाडी समज. चामडं हे कसंबसं सोसतं, कडक काळं रबर धूर काढतं, पण टीपीआर वितळतं. टीपीआर नावाचं रबर, पण उष्णतेने मऊ होणारं प्लास्टिकच ते. शाळेच्या आणि स्वस्त फॉर्मल बुटांचे बरेच सोल त्याचेच असतात. ते वितळून कागदावर बसतं, कागद बुजतो, बुजलेला कागद आणखी तापवतो, आणि सोलच्या कडेला काळी लाळ सुटल्यासारखं दिसतं. ती लाळ पुन्हा काढता येत नाही. माझ्या पहिल्या मशीनवर मी पहिल्याच आठवड्यात एका शाळेतल्या मुलाचे नवेकोरे बूट असे घालवले. फक्त टाचेला पट्टी लावायची होती. त्याच्या आईला मी नवीन जोड घेऊन दिला. मशीन विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, हात हलका ठेवा. हात हलका होताच. चाक वेगाने फिरत होतं.

तेच चाक १४४० वर फिरवलं तर वेग निम्म्यावर, ताशी ४० च्या आसपास येतो. एवढ्यावर टीपीआर, ईव्हीए, रबर सगळं सांभाळता येतं. ब्रशांना तर याहूनही कमी चालेल. आठ इंची घोड्याच्या केसांचा ब्रश २८८० वर फिरवलास तर तो पॉलिश चढवत नाही, तुझ्या साडीवर उडवतो, आणि चामड्यावर गरम डाग पाडतो.

वेग कमी करायचे मार्ग दोन. पहिला, साधा. विकणाऱ्याला सांग की मोटर १४४० ची बसव. बहुतेक ठिकाणी बसवून देतात. किंवा मोटर तीच ठेवून पुली बदल: मोटरवर तीन इंची, शाफ्टवर सहा इंची, म्हणजे २८८० चे १४४० झाले. पुली बदलणं कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही टर्नरला येतं, त्यासाठी आग्र्याची वाट बघायची गरज नाही. दुसरा मार्ग, वेग कमी-जास्त करायचा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. तो घरगुती सिंगल फेज घेतो आणि मोटरला थ्री फेज देतो, त्यामुळे वेग बटणावर येतो. चांगली वस्तू आहे, पण त्यात एक फसगत आहे. अशा छोट्या ड्राइव्हमधून २३० व्होल्टची थ्री फेज निघते, आणि आपल्याकडे बाजारात मिळणारी साधी एक एचपीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टची असते. ती यावर नीट ओढणार नाही. मोटरच्या पाटीवर २३० डेल्टा लिहिलंय का ते वायरमनकडून वाचून घे, मगच पैसे दे. आणि सिंगल फेजच्या कपॅसिटरवाल्या मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी होतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. मोटर जळते.

मला विचारशील तर पुली पुरे. तुझ्या कामाला रोज वेग बदलायची गरज पडणार नाही.

आता धूळ. यावर मी जास्त लिहिणार आहे, कंटाळू नकोस.

टपरीवर बाबा रापीने कापतात, काचेने खरवडतात, पॉलिश पेपरने घासतात. त्याची धूळ जाड असते, खाली पडते, आणि टपरीला तीन बाजूंनी वारा असतो. मशीनची धूळ पिठासारखी. ती तरंगत राहते, आणि तुझ्या गाळ्याला एकच दार. त्या आठ बाय अकरामध्ये तू आणि बाबा रोज आठ-दहा तास तीच हवा घेणार. चामड्याची धूळ नाकातल्या आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांतल्या कर्करोगाला कारण ठरते, हे आता ठरलेलं आहे. इंग्लंडमधल्या नॉर्दम्पटनशायर परगण्यात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या बुटांचे कारखाने होते, तिथल्या कामगारांत हा एरवी फार दुर्मीळ असलेला रोग डॉक्टरांना वारंवार दिसला. १९७० च्या सुमाराला ते अभ्यास छापून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चामड्याच्या धुळीला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे पक्की कारणीभूत. धुळीबरोबर सोल्युशनचा, म्हणजे सोल चिकटवायच्या गमाचा, वास असतोच, तो वेगळा. बाबांना खोकला आहे का, हे तू लिहिलं नाहीस. असेल तर आधी तपासून घे. गावात दवाखान्यांची कमी नाही.

म्हणून मशीन बघायला जाशील तेव्हा चाकं किती हे विचारू नकोस. धूळ कुठे जाते, ते विचार. प्रत्येक घासणाऱ्या चाकाला मागून आणि खालून पत्र्याचं तोंड हवं, चाकाच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर. पाइप रुंद आणि कमी वळणांचा. चाकाची पुढची बाजू वरून खाली फिरायला हवी, म्हणजे धूळ आपोआप तोंडात पडते आणि बूट हातातून निसटला तर खाली जातो, तुझ्या तोंडावर येत नाही. न वापरायच्या चाकाच्या तोंडाला झडप हवी. कारण पंख्याची ओढ एकच, ती सगळ्या उघड्या तोंडांत वाटली जाते. चौदा तोंडं उघडी ठेवलीस तर एकालाही पुरेशी ओढ मिळणार नाही. चाकं कमी असावीत असं मी म्हणतो, त्याचं हे दुसरं कारण.

ओढ आहे की नाही हे डोळ्यांनी बघायची सोपी रीत सांगतो. चिमूटभर टाल्कम पावडर चालू चाकाच्या कडेला, बूट धरतो त्या जागी सोड. ती सरळ तोंडात गेली तर ठीक. वर उडाली, तुझ्या अंगावर आली, तर विकणाऱ्याने पंख्याचं काहीही कौतुक सांगितलं तरी ती ओढ तुझ्या कामाची नाही. ही परीक्षा चाक फिरत असतानाच घ्यायची, नुसत्या पंख्यावर नाही. फिरतं चाक स्वतःच वारा करतं आणि खरी धूळ त्या वाऱ्यावर बसून बाहेर येते.

पिशवी कापडी आणि मोठी हवी, जमलं तर गाळ्याच्या बाहेर, मागच्या बाजूला पत्र्याच्या पेटीत. आणि रोज दुकान बंद करायच्या आधी रिकामी करायची. हे मी शिकलो ते असं. एका संध्याकाळी टाच घासत होतो. आत एक खिळा राहिला होता, दिसला नाही. ठिणग्या उडाल्या, दोन-तीनच, मी लक्ष दिलं नाही. दुकान बंद करून घरी आलो. रात्री अकराला शेजारच्या चहावाल्याचा फोन, शटरखालून धूर येतोय. ठिणगी पिशवीत गेली होती आणि रबर-चामड्याची धूळ चार तास आत धुमसत होती. ज्वाळा नव्हती, नुसता विस्तव. पिशवीपासून पाच फुटांवर सोल्युशनचा पाच लिटरचा डबा होता. झाकण बंद होतं म्हणून दुकान वाचलं, आणि वरच्या मजल्यावर राहणारं कुटुंबही वाचलं. त्या दिवसापासून मी खिळा काढल्याशिवाय टाच मशीनला लावत नाही. शंका आली तर लोहचुंबक फिरवतो. सोल्युशनचा डबा मशीनच्या विरुद्ध भिंतीला असतो, आणि चिकटवणं चालू असताना मशीन बंद.

या सगळ्यावर मास्क हवाच. रुमाल नाही, एन-९५. ओढ चांगली असली तरीही.

चाकं किती आणि कोणती हे आता पटकन सांगतो. चार इंच रुंदीचा एक लांब पट्टा, ४० नंबरचा, जाड कामाला आणि सोल चिकटवण्याआधी खरखरीत करायला. हा सगळ्यात जास्त वापरशील, उंची चढवायच्या कामालाही हाच. पट्टा लांब असावा, कारण लांब पट्ट्याचा प्रत्येक भाग फिरून येईपर्यंत थंड होतो. मग दीड-दोन इंची एक पट्टा ८० किंवा १२० नंबरचा, कडेच्या शेवटच्या हाताला. एक लहान गोल डोक्याचं चाक, सोलच्या मधल्या खोलगट भागासाठी. आणि ब्रश तीन, दोन नाही: काळा, तपकिरी आणि एक कोरा. नर्सबाईंच्या पांढऱ्या बुटाला काळ्या ब्रशाचा एक फटका लागला की ते गिऱ्हाईक परत येत नाही. बस. पट्ट्याची लांबी-रुंदी लाकडी फर्निचरवाल्यांच्या सँडिंग मशीनला लागतात त्यातलीच एखादी असेल असं बघ, म्हणजे सांगली-कोल्हापूरला हार्डवेअरच्या दुकानात मिळेल किंवा पट्टे जोडून देणारे मापावर जोडून देतील. बेअरिंगचा नंबरही विचार. २०४ किंवा २०५ च्या ठोकळ्यातली बेअरिंग असेल तर मोटर-पंपांच्या कुठल्याही दुकानात मिळते.

बघायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. पिशवीत टपरीवरचे टाकाऊ बूट घे: एक शाळेचा, एक स्पोर्ट्स, एक रबरी टाचेचा, एक जुना चामडी सोलचा. विकणारा दाखवायला नेहमी चामड्याचा तुकडा घेतो, कारण चामडं कुठल्याही मशीनवर छान घासलं जातं. तू शाळेचा बूट लाव. अर्धा तास मशीन चालू ठेवायला सांग, मग बंद करून बेअरिंगच्या घरावर हात ठेव. हात ठेवून राहता आलं पाहिजे. मशीनच्या पाट्यावर नाणं उभं करून बघ, ते उभं राहिलं तर थरथर नाही. शाफ्ट वाकलाय का हे कळायला, चाक काढलेल्या टोकाजवळ खडू स्थिर धर आणि दुसऱ्या कुणाला शाफ्ट हाताने फिरवायला सांग. खडूची रेघ सगळीकडून उमटली तर सरळ, एकाच बाजूला उमटली तर वाकलेला. आणि लक्षात ठेव, दोन टोकांच्या शाफ्टवर डाव्या टोकाचा नट उलट्या आट्यांचा असतो. तो नेहमीसारखा सोडवायला गेलीस तर आणखी घट्ट होईल, आणि बाबा पाना घेऊन जोर लावत बसतील.

विजेचं एक सांगतो, ते चुकवू नकोस. मशीनला साधा बटणाचा स्विच नको, स्टार्टर हवा. असा, की लाइट गेली की तो सुटतो आणि लाइट परत आल्यावर आपण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. आपल्याकडे लाइट कधी जाईल, कधी येईल याचा भरवसा नसतो. लाइट गेली म्हणून तू चाकात अडकलेला धागा काढायला हात घालशील आणि त्याच क्षणी ती येईल. लाल रंगाचं मोठं बंद करायचं बटण गुडघ्याच्या उंचीवर घे, दोन्ही हात अडकले तरी दाबता येईल असं. अर्थिंग पक्कं, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. एक एचपीची मोटर आणि अर्ध्या एचपीचा पंखा सिंगल फेजवर आरामात चालतात, पण गाळ्याच्या मीटरवर मंजूर भार किती आहे ते बिलावर बघून घे.

आणि तू बाई माणूस म्हणून नाही, तर मशीनवर उभी राहणारी कारागीर म्हणून सांगतो: ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्या, गळ्यातली साखळी, यातलं काहीही मशीनवर नको. जाड एप्रन, केस टोपीत, बाह्या कोपरापर्यंत. हातमोजे सुरक्षित वाटतात, पण फिरत्या चाकापाशी कापडी मोजे घालू नकोस. चाक मोजा पकडतं आणि हात घेऊन जातं.

पैशांचं. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या १८ व्यवसायांत चर्मकाराचं काम आहे. नोंदणी सीएससी केंद्रात (सरकारी कामांचे ऑनलाइन अर्ज भरतात तिथे) होते. थोडे दिवस प्रशिक्षण, त्याचे दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख असं कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, आणि अविवाहित मुलगी बाबांच्याच कुटुंबात धरतात, तेव्हा नाव तुझं की बाबांचं हे आधी ठरवा. बाबांनी फेरीवाल्यांचं स्वनिधी कर्ज घेतलं असेल तर ते पूर्ण फेडल्याचा कागद हाताशी ठेव. आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळही आहे, १९७४ पासूनचं. त्यांच्या जिल्हा कार्यालयात एक चक्कर मार. सव्वा लाख सगळे मशीनमध्ये घालू नकोस. पट्टे, ब्रश, वायरिंग आणि दोन महिन्यांचं भाडं बाजूला ठेव.

शेवटी बाबा. ते म्हणतात रापी आणि काच पुरे. तू हे पत्रात जरा वैतागून लिहिलंयस, पण मला विचारशील तर अर्धं त्यांचं बरोबर आहे. नवीन मशीन घेतलेले सगळे एकच चूक करतात, आम्हीही केली. जाड कड सरळ पट्ट्याला लावतात आणि घासून घासून मापावर आणतात. त्यात पट्टा दोन दिवसांत जातो, सोल तापतो आणि गाळा धुळीने भरतो. बाबांनी रापीने कड रेघेपर्यंत कापून द्यायची. मग पट्ट्याला फक्त केसभर काम उरतं, दहा-पंधरा सेकंदांचं. चांगली रापी चालवणारा माणूस शेजारी असेल तर मशीनची धूळ निम्म्याहून कमी होते आणि पट्टे तिप्पट टिकतात, हे मी माझ्या दुकानात बघितलंय. तुझ्या गाळ्यात बाबांची जागा मशीनच्या डाव्या हाताला, उजेडात ठेव. बूट आधी त्यांच्याकडे, मग तुझ्याकडे.

बघायला जाशील तेव्हा त्यांनाही ने. विकणाऱ्याने घासून दिलेला शाळेचा बूट त्यांच्या हातात दे आणि कडेवरून अंगठा फिरवायला सांग. कुठे पैलू पडलाय, कुठे चटका बसलाय, ते त्यांच्या अंगठ्याला तुझ्या-माझ्या डोळ्यांआधी कळेल. वही भरली की पानांचे फोटो मला पाठव. पट्टा चार इंची घ्यायचा की तीन पुरे, ते बघून सांगतो.